गरुडावरची शाई

लंडनला शिकत असताना मी आठवड्यातले वीस तास ईलिंगमधल्या एका फोटोकॉपीच्या दुकानात काम करत होते. विद्यार्थ्यांच्या व्हिसावर तेवढेच तास चालतात. दुकान मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत होतं. पुढे दोन मशीन, मागे स्कॅनर आणि कॉम्प्युटर. मालक केनियाहून आलेले गुजराती गृहस्थ. ते सकाळी शटर उघडून देत आणि दुपारी आपल्या दुसऱ्या दुकानात जात. मग मी एकटीच.

गिऱ्हाईकं बरीचशी पोलिश असायची. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांना इथे काम करायची मोकळीक मिळाली होती आणि तरुण मुलं-मुली मोठ्या संख्येने येत होती. ती सीव्हीच्या वीस-वीस प्रती काढून न्यायची. त्यांच्याखेरीज जुने पोलिश लोकही होते, दुसऱ्या महायुद्धानंतर इथेच राहिलेले. ते ऐंशीच्या पुढचे, कोट-टाय घालून येणारे, आणि एका प्रतीसाठीही रांगेत उभं राहून "प्लीज" म्हणणारे. या दोन पिढ्या एकमेकींशी पोलिशमध्ये बोलायच्या, पण जपून. अनोळखी नातेवाइकांशी बोलावं तसं.

जुने फोटो दुरुस्त करून द्यायचं काम मालकांनी माझ्यामुळे सुरू केलं, कारण मला ते येत होतं. बारावीनंतरच्या आणि पुढच्या दोन सुट्ट्या मी आमच्या तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत बसले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नव्हतं, तेव्हा सुट्टीत नुसतं बसून राहणं मला परवडण्यासारखं नव्हतं आणि शोभण्यासारखंही नव्हतं. त्या स्टुडिओत निम्मं काम गेलेल्या माणसांचं असायचं. लग्नाच्या ग्रुपमधला नाहीतर ओळखपत्रावरचा चेहरा कापून मोठा करायचा, मागे निळा पडदा टाकायचा, पुरुषाला कोट चढवायचा, बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू रेखायचं. कोणी कधी हरकत घेतली नाही. उलट कोट राहिला तर परत घेऊन यायचे.

ईलिंगमध्ये उलटं होतं. इथे लोक सांगायचे, काही घालू नका, फक्त डाग काढा. मला ते जास्त प्रामाणिक वाटायचं. डाग काढण्यात कोणाची फसवणूक नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक बाई आल्या. वय ऐंशीच्या थोडं पुढे. गडद निळा कोट, हातात काठी. डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची तारीख अजून मिळाली नव्हती, म्हणून त्या माझ्याकडे मान जरा तिरकी करून बघत होत्या. त्यांनी पिशवीतून दोन पुठ्ठे काढले. मध्ये पोस्टकार्डाएवढा फोटो होता. लष्करी पोशाखातला एक माणूस, साठीचा असावा. गाल आत गेलेले, टोपी सरळ.

"माझे वडील," त्या म्हणाल्या. "जनरल होते."

आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. आम्हा दोघींचंही इंग्रजी शिकलेलं, त्यामुळे दोघी सावकाश बोलायचो आणि एकमेकींचं सगळं कळायचं.

त्यांना तो फोटो मोठा करून हवा होता, भिंतीवर लावण्याएवढा. जवळच जुन्या पोलिश सैनिकांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा एक क्लब होता. त्याच्या लांब बोळात इथे वारलेल्या, लढलेल्या अधिकाऱ्यांचे फोटो ओळीने लावलेले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यात मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. सगळे कबरस्तानात जाऊन मेणबत्त्या लावतात. आपल्या सर्वपित्रीसारखं म्हणता येईल, फक्त जेवणाऐवजी उजेड. त्या दिवसाच्या आधी बोळात नवे फोटो लागायचे. कोणाचा लावायचा हे क्लबची कमिटी ठरवायची. यांच्या वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि इतकी वर्षं कमिटीने नाही म्हटलं होतं. या वर्षी हो म्हटलं.

का नाही म्हटलं होतं, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला असं विचारायचं नसतं.

"चेहऱ्याला हात लावू नकोस," त्यांनी बजावलं. "ते जसे आहेत तसे राहू देत. बाकी डाग काढून टाक."

मी दुपारभर त्या फोटोवर बसले. डाग पुष्कळ होते. कडेला ओल लागलेली, कॉलरवर एक ओरखडा, वरच्या कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीची खूण. टोपीवर पंख पसरलेला चांदीचा गरुड होता आणि त्याच्या डोक्यावर निळसर काळा ठिपका होता, वेडावाकडा, शाई सांडल्यासारखा. स्क्रीनवर मोठा करून पाहिला. फोटोचा भाग नव्हता हे नक्की, कारण बाकी सगळं करडं होतं आणि हा निळा. मी शेजारचा टोपीचा तुकडा उचलून त्यावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. हळूहळू ठिपका गेला आणि खालून गरुडाचं डोकं स्वच्छ निघालं. ते मला फार आवडलं. चेहऱ्याला मी माउसही लावला नाही.

दोन दिवसांनी बाई आल्या. प्रिंट खिडकीजवळ नेऊन त्यांनी चेहरा पाहिला, बराच वेळ. मग काहीतरी पोलिशमध्ये म्हणाल्या. ते माझ्यासाठी नव्हतं. तशाच तिथून क्लबला गेल्या. जाताना मला चॉकलेटात बुडवलेले सुके आलुबुखार देऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ तेच प्रिंट घेऊन दुकानात आले. क्लबचे सेक्रेटरी असल्याचं त्यांनी सांगितलं. प्रिंट काउंटरवर ठेवून, कोपरे सरळ करून, त्यांनी विचारलं, हे काम कोणाचं. मी म्हटलं, माझं.

"फार सुंदर काम आहे," ते म्हणाले. "जनरलसाहेबांना तू एका दुपारी मॉस्कोला पोचवलंस."

मला काही समजलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनाही ते कळलं असावं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी हॅट काढून काउंटरवर ठेवली आणि शाळेतल्या मास्तरांसारखं समजावून सांगितलं. त्यांच्या जुन्या सैन्याच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट असायचा. युद्धानंतर वॉर्सामध्ये मॉस्कोच्या हाताखालचं सरकार आलं. त्याच्या सैन्यातल्या गरुडाला मुकुट नव्हता. लंडनमध्ये राहिलेल्यांनी मुकुटवाला गरुड सोडला नाही. इथे तो फक्त पक्षी नव्हता. कोणत्या टोपीवर कोणता गरुड, यावरून माणूस कोणाचा ते ठरायचं, घरी बोलवायचं की नाही तेही ठरायचं. आता तिकडे सरकार बदललं होतं आणि मुकुटही परत आला होता, पण या बोळातली माणसं तोपर्यंत म्हातारी झाली होती.

बाईंच्या वडिलांचा फोटो वॉर्सामध्ये काढलेला होता. टोपीवरच्या गरुडाला मुकुट नव्हता. फोटो टपालाने ईलिंगला आला तेव्हा बाईंच्या आईने त्या गरुडावर शाईने मुकुट रेखला होता.

"म्हणजे तो डाग..."

"डाग नव्हता तो. बायको होती."

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. ते म्हणाले, ईलिंगमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं. ज्याच्या घरी चहाला जायचं त्याच्या भिंतीवरचा फोटो भिंग लावून बघायचा नसतो. दुरून पाहिलं की मुकुट दिसायचा, आणि सगळे दुरून पाहायचे. या वर्षी कमिटीने होकार दिला तोही त्या मुकुटासकट. पण आता एवढ्या मोठ्या प्रिंटमध्ये बोडक्या डोक्याचा गरुड समोर असताना कोण काय करणार?

मग त्यांनी जनरलची हकिकत सांगितली. बसचा मार्ग सांगावा तशी, एकेक थांबा घेत. जनरल जन्मले तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. त्यांचं गाव ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे होतं, म्हणून तरुणपणी त्यांनी त्या बादशहाची शपथ घेतली आणि त्याच्यासाठी पहिलं महायुद्ध लढले. मग देश पुन्हा उभा राहिला. त्यांनी तो पोशाख उतरवून नवा चढवला, नवी शपथ घेतली. दुसऱ्या युद्धात देश महिन्याभरात पडला. ते शेजारच्या देशांतून वाट काढत फ्रान्सला आणि तिथून इंग्लंडला आले. इथे ते कर्नल होते. इथपर्यंतची गोष्ट, सेक्रेटरी म्हणाले, त्या बोळातल्या वीस जणांची आहे. युद्ध संपल्यावर मात्र बाकीच्यांनी ठरवलं की मॉस्कोच्या सरकारात परत जायचं नाही, आणि हे गेले. एकटेच. बायको म्हणाली, मी येणार नाही आणि मुलीलाही पाठवणार नाही. तिथे त्यांना जनरल केलं, अधिकारी घडवायची एक शाळा त्यांच्या हाती दिली. लंडनमधल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या याद्यांतून त्यांचं नाव काढलं गेलं. चार वर्षांनी तिथल्याच सरकारने त्यांना लंडनचा हेर म्हणून तुरुंगात टाकलं. तीन वर्षांनी सोडलं, पोशाख परत दिला, पेन्शन दिली. हा फोटो त्यानंतरचा.

तेव्हा मला त्या आत गेलेल्या गालांचं कारण कळलं.

"मग ते नक्की कोणाचे होते?" मी विचारलं. आज वाटतं, तो प्रश्न बालिश होता.

"आम्ही म्हणायचो ते तिकडचे, तिकडचे म्हणायचे ते लंडनचे. दोन्हीकडे फाइल होती." त्यांनी हॅटची कड बोटाने पुसली. "आणि दोन्ही फायलींत थोडं थोडं खरं असणार. तिथून त्यांनी इकडे पत्रं लिहिली होती, जनरल झाल्यावरसुद्धा. आम्ही उत्तर दिलं नाही."

जाता जाता, जणू विसरलेलं काही आठवल्यासारखं, त्यांनी आणखी एक सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊही युद्धानंतर परत गेला होता. त्याला तिथे पकडलं आणि तो तुरुंगातच वारला. त्या वेळी हे जनरल अजून शाळा चालवत होते.

कमिटीची बैठक पुढच्या गुरुवारी होती. कॉम्प्युटरवर मुकुट परत बसवता येईल का, असं त्यांनी विचारलं. दोन मिलिमीटरचं तर काम. मी लगेच हो म्हटलं. चूक माझी होती आणि ती भरून काढायला मी काहीही केलं असतं. "आधी तिला विचार," ते म्हणाले. "मी फोनवर सांगितलंय, पण तू विचार."

मी बाईंच्या घरी गेले. पहिल्या मजल्यावरचा लहानसा फ्लॅट. त्यांनी काचेच्या पेल्यात लिंबाची फोड घातलेला चहा दिला. मी माफीचं एक लांबलचक वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं, ते निम्म्यावर आल्यावर त्यांनी हात वर केला.

"मीच म्हटलं ना, डाग काढ म्हणून. मला तो मुकुट आहे हेसुद्धा आठवलं नाही. पन्नास वर्षं बघत आले आहे, मला तो तिथे उगवलेलाच वाटायचा."

आईने तो मुकुट रेखला तेव्हा त्या तिशीत होत्या. आई कितीतरी वर्षं वडिलांचं नाव घेत नव्हती. फोटो आला तो दोन आठवडे पाकिटातच पडून होता. एका रविवारी दुपारी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भिंग आणि बारीक निबाचा टाक घेऊन बसली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. मग फोटो फ्रेममध्ये घातला, भिंतीवर लावला आणि पुढच्या शनिवारी मैत्रिणींना चहाला बोलावलं. चर्चमध्ये ज्या बायका त्यांच्या बाकावर बसत नव्हत्या, त्यांतल्या दोघी त्या शनिवारी आल्या. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हटलं, तब्येत उतरलेली दिसते.

बाई स्वतः वडिलांना नंतर एकदाच भेटल्या, वॉर्साला जाऊन. ते स्टेशनवर साध्या कपड्यांत घ्यायला आले होते. ईलिंगच्या बसचा जुना नंबर बदलला का, हे त्यांनी विचारलं.

"मी त्यांना विचारलं, बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात. ते म्हणाले, तुला भूक लागली असेल."

आम्ही दोघी थोडं हसलो. मग त्यांनी मला विचारलं, तू शिकून परत जाणार ना? मी हो म्हटलं, फार पटकन. त्याच आठवड्यात कॉलेजच्या नोकरी मार्गदर्शनाच्या बाईंना मी सांगितलं होतं की मला इथेच राहायचं आहे. दोन्ही उत्तरं देताना मी खोटं बोलतेय असं मला वाटलं नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं नाही.

मुकुटाबद्दल त्या म्हणाल्या, "बसव परत. मला त्यांना त्या भिंतीवर बघायचंय. माझ्याकडे आता नोव्हेंबर किती उरले असतील?"

त्या रविवारी घरी फोन केला तेव्हा मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा तहसील कचेरीत शिपाई होते. पोलंड कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण टोपी कोणत्या साहेबासमोर उतरवायची हे त्यांना चांगलं कळायचं.

"मग मुकुट बसवून दे की," बाबा म्हणाले. "एवढं काय त्यात? आपल्या आण्णांना कोट कुणी घातलाय? जन्मात घातला होता का त्यांनी कोट?"

पलीकडून आई म्हणाली, "अहो, पण सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. हा कोण बाप्या आणून टांगलाय, म्हणत होत्या."

"नंतर हार घालायची ना रोज?"

"घालायच्या. पण म्हणायच्या, कोटवाल्याला हार घातला."

बाबा हसले आणि म्हणाले, तू तुझं काम नीट कर, म्हातारीला नाराज करू नकोस. आण्णा म्हणजे माझे आजोबा. तो कोट मीच चढवला होता, पहिल्या सुट्टीत, स्टुडिओतल्या सरांनी दाखवलं तसा.

सोमवारी मी मुकुट बसवला. लायब्ररीतल्या एका पुस्तकात युद्धाच्या आधीचा गरुड होता. त्याचा मुकुट घेतला, लहान केला, उजेड डावीकडून येत होता म्हणून उजवीकडे सावली दिली, जुन्या फोटोत असतो तसा बारीक दाणा मिसळला. मालकांनी पाहिलं आणि त्यांना फरक कळला नाही. मला समाधान वाटलं. बुधवारी संध्याकाळी मी ते प्रिंट बाईंकडे घेऊन गेले.

त्यांनी ते दिव्याखाली धरलं आणि भिंगातून पाहिलं. मी समोर बसून होते. एवढा वेळ लागेल असं मला वाटलं नव्हतं.

"फार चांगला झालाय," त्या म्हणाल्या. मग पुठ्ठ्यांतून मूळ फोटो काढून माझ्या हातात दिला, भिंगही दिलं. "आता आईचा बघ."

मी पाहिला. डाग म्हणून स्क्रीनवर मी तो याहून मोठा पाहिला होता, पण मुकुट म्हणून पहिल्यांदा पाहत होते. तीन टोकं, त्यातलं एक लांब. एका बाजूला रेघ गरुडाच्या डोळ्यात उतरलेली. एखाद्या मुलीने वहीत काढावा तसा.

"आईने काही लपवलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "जवळ येऊन बघणाऱ्याला कळायचं की हा नंतर काढलेला आहे, हाताने. तुझा कळत नाही. तुझा लावला तर बाबा कधी तिकडे गेलेच नव्हते असं होईल."

मी म्हटलं, मग मी तो थोडा वाकडा करू का. हे बोलल्यावर मलाच लाज वाटली.

"नको. हाच मोठा कर. जसा आहे तसा."

"बाकीचे डाग?"

"सगळे राहू देत."

मला राहवलं नाही. एवढा मोठा केल्यावर शाई सगळ्यांना दिसेल, दुरूनसुद्धा, असं मी म्हटलं. सेक्रेटरी काय म्हणतील, असंही म्हटलं. बाई सेक्रेटरींना साठ वर्षं ओळखत होत्या. दर रविवारी क्लबमध्ये दुपारचं जेवण दोघं एका टेबलाशी घ्यायची, हे मला तेव्हा कळलं.

"तो विरुद्ध मत देईल," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं त्याने न बघितल्यासारखं केलं. त्याला बघायला लावणं हे काही चांगुलपणाचं नाही. पण तरी कर."

मी गुरुवारी सकाळी लेक्चर बुडवून प्रिंट काढलं आणि नेऊन दिलं.

बैठकीत काय झालं ते बाईंनी नंतर सांगितलं. कमिटीत तिघं होती. सेक्रेटरी, एक निवृत्त डेंटिस्ट, आणि बऱ्याच नंतर पोलंडहून आलेली पन्नाशीची एक बाई. त्या पन्नाशीच्या बाईने शाईचा मुकुट पाहिला आणि किती गोड काढलाय, म्हणाली. डेंटिस्टने घड्याळ पाहिलं आणि लावून टाका म्हटलं, आता या गोष्टींना कोण विचारतंय. ज्या दोघांना त्या मुकुटाचं फारसं काही नव्हतं त्यांनी होकार दिला. ज्याला होतं तो एकटा नाही म्हणाला. आपलं मत लिहून घ्या, एवढंच तो बोलला, आणि लिहिणारा तोच होता म्हणून त्याने स्वतःच ते लिहिलं. नंतर बोळात खिळाही त्यानेच ठोकला, कारण फोटो टांगणं हे सेक्रेटरीचं काम होतं.

खाली पट्टीवर कर्नल लिहायचं की जनरल, हाही प्रश्न निघाला होता. बाईंनी सांगितलं, दोन्ही लिहा, ज्या क्रमाने मिळालं त्या क्रमाने.

त्यांनी मला नोव्हेंबरच्या मध्यावरच्या रविवारी जेवायला बोलावलं. मेणबत्त्यांचा दिवस होऊन गेला होता. बोळात फोटो पाहिला. रांगेत अठरा-वीस चेहरे होते आणि सगळ्यांच्या टोपीवर तोच गरुड. यांचा शेवटून दुसरा. चार पावलांवरून शाई दिसत होती, निळी. मी उभी असताना दोन तरुण पोलिश मुलं कोट अडकवायला आली. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि आत गेली. मी काय अपेक्षा केली होती कुणास ठाऊक.

माझ्या हातून घडलं ते बरं झालं की वाईट, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आणि आजही नीट सांगता येत नाही. मी तो ठिपका न पुसता नुसता करडा केला असता तर फोटो तसाच लागला असता, सगळ्यांनी दुरून पाहिला असता, आणि सेक्रेटरींना विरुद्ध मतही द्यावं लागलं नसतं. जनरल भिंतीवर दोन्ही रीतींनी गेले असते. एवढं मी बाईंना सांगायचं ठरवून आले होते.

जेवायची खोली गरम होती. बिटाच्या लाल सूपचा वास येत होता. बाई खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोरची खुर्ची रिकामी होती. पुढ्यात चमचा, काटा, घडी केलेला नॅपकिन, सगळं मांडलेलं. त्यांनी मला बोलावलं होतं म्हणून मी ती खुर्ची मागे ओढली.

"ती नको," त्या म्हणाल्या. "शेजारच्या टेबलाची घे."

मी दुसरी खुर्ची ओढून टेबलाच्या कडेला बसले. पाय ठेवायला जागा नव्हती. वाढणाऱ्या मुलीने येऊन विचारलं, रिकाम्या जागेवरचं उचलू का. बाईंनी नको अशी मान हलवली. ते आज येणार आहेत का, असं मी विचारलं. नाही, त्या म्हणाल्या, तीन रविवार झाले, आलेला नाही. चर्चमध्ये दिसतो. हॅट उचलतो.

मी जे सांगायचं ठरवलं होतं त्याची सुरुवात केली. माझ्यामुळे, असं म्हणेपर्यंत त्यांनी सूपची वाटी माझ्याकडे सरकवली.

"तुझ्यामुळे नाही. मीच त्याला ते बघायला लावलं." त्यांनी पावाचा तुकडा मोडला. "त्याला वेळ लागेल. बाबा आम्हाला सोडून वॉर्साला गेल्यावर त्यांना पहिलं पत्र लिहायला मला आठ वर्षं लागली होती."

ते ऐंशीचे आहेत, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"ब्याऐंशी," बाई म्हणाल्या, आणि वाढणाऱ्या मुलीला हाक मारून त्याच्या जागेचंही सूप आणायला सांगितलं.